दाबा, धरा, सोडा

सप्टेंबरात अँगलसीच्या ट्रॅकवर, सातव्या फेरीला,
समुद्राकडे उतरणाऱ्या वळणाआधी
मी ब्रेक दाबला
आणि पेडल गेलं खाली, लोण्यात सुरी जावी तसं.
पायाखालची जमीन सरकते म्हणतात.
मला ती सापडली, पत्र्याची, गार,
जिथं सापडायला नको होती तिथं.

गाडी खडीत रुतून थांबली.
कुंपणापलीकडच्या मेंढ्यांनी माना वर केल्या,
पुन्हा चरायला लागल्या.

गाडी सत्त्याऐंशी सालची. लाल, असं कागदावर.
जुनं ब्रेक ऑइल काढलं तर कोऱ्या चहाच्या रंगाचं,
वर्षानुवर्षं हवेतलं पाणी पीत बसलेलं,
आणि वेल्समध्ये हवेला पाण्याची काय कमी.
तेच पाणी उकळलं, त्याची वाफ झाली.
वाफेवर पाय रोवून कोण उभं राहिलंय?

मग हिवाळाभर तेच.
भंगारात गेलेल्या मोठ्या बहिणीचे
चार-चार पिस्टनचे कॅलिपर.
ते बसावेत म्हणून इथेलनं लेथवर कातून दिलेले कंस,
एक दीड मिलिमीटर चुकलेला, म्हणून पुन्हा एक.
कॅलिपर बसले तर चाकं बसेनात.
चाकं घेतली तर टायर जुने पडले.
गाडी चार आण्यांची, ब्रेक बारा आण्यांचे.
रबरी नळ्या गेल्या (दाबाखाली फुगायच्या,
बोलघेवड्या माणसासारख्या), त्यांच्या जागी
पोलादी जाळीतल्या आल्या, कमी बोलणाऱ्या.

पण नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात.
एक चाकाशी, एक पेडलवर.
माझ्याकडे एकच होतं.

शेजारच्या नेस्टा प्यू आल्या.
एकाहत्तर वर्षं, लोकरी सपाता, मनगटापर्यंत मैदा.
"पाव फुगेपर्यंत वेळ आहे," म्हणाल्या. "काय करू?"
मी गाडीखालून ओरडायचो, "दाबा.
धरा. खाली गेलं तरी धरूनच ठेवा. आता सोडा."
पारदर्शक नळीतून बुडबुडे यायचे,
एकामागून एक, शाळा सुटल्यासारखे.
"एवढे पैसे," वरून आवाज आला, "थांबायला?"
"हो."
"लोक पळायला घालवतात."
"दाबा."

मागचं डावं. मागचं उजवं. पुढची दोन.
बुडबुडे संपले. मी उठलो, हात पुसले,
"झालं," म्हणालो.
त्या उतरल्या नाहीत.
डोळे मिटून पुन्हा एकदा दाबलं, हळू,
अंगठ्याकडून टाचेकडे.
"नाही झालं. एक अडकलाय. मागे, उजवीकडे."
मी हसलो.
"चाळीस वर्षं चॅपलमध्ये ऑर्गन वाजवलाय," त्या म्हणाल्या,
"पायांनीसुद्धा. तिथं हवा हवीच असते,
म्हणून कुठं नसावी तेही कळतं."

मागचं उजवं पुन्हा उघडलं.
एक आला. मोहरीएवढा.
त्यानंतर पेडल दगडासारखं.
त्या पाव बघायला गेल्या.

एप्रिलात पुन्हा तेच वळण.
ऊन, वारा, पॅडना नव्या भाजणीचा वास.
सवयीनं मी दोनशे मीटरच्या पाटीलाच पाय दिला
आणि गाडी अशी थांबली, अशी थांबली,
की वळण अजून लांबच, मी जवळपास उभा,
आणि मागून एक छोटी पांढरी हॅचबॅक
मला ओलांडून गेली. आत एक पोरगं, हात हलवणारं.

पुढच्या फेरीला दीडशेवर. मग शंभरवर.
त्याच्या आत जायची हिंमत झाली नाही.
ब्रेक तयार होते, मी नव्हतो.

संध्याकाळी त्या दारात उभ्या.
"थांबली का?"
"जरा जास्तच."
"मग आता काय बदलणार?"
मला उत्तर सुचलं नाही. चाकं गार होत होती,
टिक, टिक, बारीक आवाजात.
पेडलच्या रबरी खाचेत
सपातीची निळी लोकर अजून अडकलेली होती,
चिमूटभर. ती मी काढलेली नाही.