डावी बाजू

दात कोरून पोट भरत नाही, म्हणायचे अण्णा.
मी एकतीस वर्षं भरलं,
केटरिंगच्या स्टेशनमागच्या लॅबमध्ये
परक्या तोंडांचे साचे ओतत,
मेणात सुळे बसवत, दाढा घासत.
निवृत्त झाले, ते हातांना कुणी सांगितलंच नाही.
ते साडेसातला उठून
काहीतरी मागत राहिले.

म्हणून ही गाडी.
खरीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याएवढी, मुठीत मावेल अशी,
रेझिनची, चहाने डागाळलेल्या दाताच्या रंगाची.
लिंकनमधल्या कुणी गॅरेजात ओतलेले बाराच संच,
त्यातला माझा नववा.
डबा उघडला तर वास ओळखीचा.

आधी भांड्यांच्या साबणाने न्हाऊ घातली;
साच्याचं तेल अंगावर राहिलं, तर रंग धरत नाही.
मग बुडबुडे. ते असतातच.
टाचणीने टोकरले, पुटीने बुजवले,
बाराशे नंबरचा कागद पाण्यात बुडवून
इतकं हळू घासलं
की चर्चचे अकराचे ठोके पडले कधी, कळलं नाही.
फ्यूजच्या तारेचे इंधननळ,
जुन्या घड्याळाच्या पट्ट्याचं सीट,
आणि हिरवा रंग, चार वेळा चुकलेला.

विंडल स्पेशल. त्रेसष्टचा मार्च, सिल्व्हरस्टोन.
चार फेऱ्या धावली
आणि गिअरबॉक्सने मान टाकली.
फोटो एकच, तोही उजव्या बाजूचा.
डावीकडे त्या दिवशी कुणी उभंच नव्हतं.
त्याचं काय एवढं?
उजवं पाहून डावं करणं
हाच तर माझा धंदा.
कोमट पाण्यात सतराचा आकडा सोडला,
वीस सेकंदांत कागदावरून सुटला,
दोऱ्याचा ओळंबा धरून
पांढऱ्या गोलात बसवला.
वर लॅकरचे तीन हात.

नॉर्मन पिकरिंग बीट घेऊन आला, त्याच्या वाफ्यातले,
मातीसकट.
विंडलकडे मेकॅनिक होता तो, बावीस वर्षांचा.
खिडकीपाशी नेऊन
गाडी फिरवली. बराच वेळ गप्प.
“सतरा सरळ आहे.”
“मग!” मी म्हटलं.
“नव्हता.”

आदल्या रात्री, तीन वाजता, जिलियन झाली.
तिला एकदा पाहून
तो तसाच मोटरसायकलवर निघाला, हातमोजे विसरून.
बोटं म्हणजे लाकडं.
डावीकडचा आकडा त्याने चिकटवला
आणि साताचा पाय घसरला.
विंडलने शिवी हासडली, पण झेंडा हलायला आला होता.
“चार फेऱ्या तशीच पळाली,” नॉर्मन म्हणाला,
“तिरकी. माझ्या पोरीच्या पहिल्या दिवशी.”

मला राग आला. खोटं कशाला बोलू?
तीन हात लॅकर म्हणजे तीन रात्री.
तो गेल्यावर बीट धुतले, उकडले,
पुन्हा टेबलाशी आले.

शिकाऊ पोरांना मीच सांगायचे:
सगळे दात रांगेत उभे करू नका,
मग कवळी ओरडून सांगते, मी कवळी.
एखादा जरा वळवा.
माणसाच्या तोंडात असतो तसा.

खरवडलं सगळं. हिरव्याला थोडं लागलं, लागू दे.
आकडा नव्याने भिजवला
आणि दोरा न धरता सोडला.

शनिवारी नॉर्मन आला.
चष्मा कपाळावर, गाडी नाकाशी.
आणि हसला, तोंडभर;
त्याची वरची कवळी माझ्याच हातची,
डावीकडचा दुसरा दात
मी नऊ वर्षांपूर्वी किंचित वळवलेला.
“अजून जरा तिरका हवा,” म्हणाला,
“थंडी याहून जास्त होती.”