रजिस्टरची मागची पानं

जुन्या लसीकरण रजिस्टरची
मागची अकरा पानं कोरी निघाली.
तिथंच मांडला आम्ही प्रवास,
मी आणि ताहेरा सिस्टर,
एकाच महिन्यात रिटायर झालेल्या.

'लाभार्थीचे नाव' या रकान्यात
तिनं सावकाश लिहिलं : मोसी-ओआ-तुन्या.
म्हणजे गडगडणारा धूर.
राणीचं नाव मागाहून चिकटवलं कुणी,
जसं आमच्या उपकेंद्रात
पोरीचं घरातलं नाव एक, कार्डावर दुसरं.

'गावाचे नाव' इथं मात्र अडलो.
अर्धा जांबियात, अर्धा झिंबाब्वेत.
"मंग काय झालं?" ताहेरा म्हणाली,
"आपलं सहस्रकुंड नाही का,
एक पाय यवतमाळात, एक नांदेडात?
दोन्ही काठचे म्हणतात,
खरा धबधबा आमच्याकडूनच दिसते."
मी लिहिलं : दोन गावं. व्हिसा एक.

तिचा हिशोब ऑक्टोबरचा.
तेव्हा तिकडं पाणी उतरतं, गर्दी नसते,
कड्याच्या अगदी काठाशी
डबक्यात बसता येतं म्हणे.
माझा एप्रिलचा.
एप्रिलात नदी इतकी भरलेली असते
की धबधबा दिसतच नाही,
नुसता फवारा, खालून वर.
"न दिसणाऱ्या धबधब्याले अडीच लाख?
काहून वो?"

काय सांगणार.
एप्रिलात ढाणकीला आठव्या दिवशी नळ येतो,
पहाटे तीनला हंडे वाजतात,
आणि त्याच एप्रिलात, त्याच सूर्याखाली,
कुठंतरी पाणी इतकं
की पाण्यामुळं पाणी दिसत नाही.
मला तेवढंच पाहायचंय.
म्हणजे, न दिसलेलं.

पिवळ्या तापाची लस नागपूरला.
साठीपुढच्यांना डॉक्टर दोनदा विचारतात.
विचारू द्या.
तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या दंडात सुई दिली,
पैनगंगेच्या कंबरभर पाण्यातून
लशीचा डबा डोक्यावर धरून पलीकडं गेले,
स्वतः भिजले, बर्फ सांभाळला.
"दुखन का वो, बाई?"
"मुंगी चावल्यावानी."
हजारदा खोटं बोलले.
आता माझी पाळी. पण आधी
कुपीवरचा चौकोन पाहीन,
वर्तुळाहून फिका आहे ना,
मगच बाही वर करीन.

मुलगा फोनवर म्हणाला,
आई, आधी काश्मीर तरी बघ.
घरचे गुणवंतराव काही बोलले नाहीत.
पेपर बाजूला ठेवला,
चष्मा पुसला,
"परतीचं तिकीट धरून आहे ना हे?"
आणि रात्री, मी झोपले समजून,
रजिस्टर उघडून
बोटानं ओळी लावत वाचत बसले.
सकाळी पाहिलं तर
'शेरा' या शेवटच्या रकान्यात
त्यांच्या अक्षरात : गुडघ्याचा पट्टा नेणे.

उमरखेडला गेलो, ऐन चैत्रात,
दुपारी बेचाळीस डिग्री.
झांबऱ्यांच्या दुकानात रेनकोट मागितले.
पंखा बंद पडल्यासारखे
सगळे आमच्याकडं पाहू लागले.
पोरगं शिडी लावून माळ्यावर चढलं.
धुळीसकट दोन रेनकोट खाली आले,
एक जांभळा, एक शेवाळी.
"सिस्टर, पाऊस कुठं पडून राहिला?"

ताहेरानं जांभळा अंगात घातला,
बटणं गळ्यापर्यंत लावली,
टोपी ओढली, आरशात पाहिलं.
हनुवटीवरून घाम टपटपत होता.
"पाऊस नाही रे बापा," ती म्हणाली,
"धूर आहे."

त्यानं मुकाट्यानं बिल फाडलं.
दोन्ही मिळून सहाशे ऐंशी, नव्वदवरून खाली आणलेले.
महिना अजून ठरला नाही.