सतरा छाट

वीज गेली तेव्हा चार नंबरच्या मागाचा मीटर
९९९९८३ वर थांबला होता.
अजून सतरा फेऱ्या, नरसूमामा म्हणाला,
मग सगळे नऊ पालथे, ओळीनं शून्यं.
आणि जाऊन ओट्यावर आडवा झाला, घामासकट.

मी अकरावीत होते. हाताशी मेणबत्ती
आणि टॉवेलांच्या चलनांची पाठकोरी पानं.
दोन नाही. तीन नाही, अंकांची बेरीज सत्तेचाळीस.
पाच तर उघडच नाही.
सातानं पाच उरले, अकरानं सहा, तेरानं दहा.
सतरानं नऊ.
पूर्व भागात आम्ही पाढे मराठीत म्हणतो,
मोजतो तेलुगूत,
भांडण वाढलं तर कन्नडही येतं.
तिन्ही भाषांत भागून पाहिलं. बाकी तीच.

आई अंधारातही विड्या वळत होती,
तिच्या बोटांना कधी दिवा लागला नाही.
काय शोधतेस गं?
म्हटलं, हिला निःशेष भागणारं कुणी आहे का.
केवढी आहे?
सांगितली.
सुपातलं पान उलटं करत ती म्हणाली,
म्हणजे हजार हजारी, त्यात सतरा छाट.
मग जरा थांबून:
एवढी कमी छाट कुठल्या चेकरनं काढली?

साडेतीनला वीज आली.
माग दचकून उठला, मामा त्याच्या मागून.
सतरा ठोके मी मोजले की नाही आठवत नाही,
शून्यं आली एवढं खरं.
मामानं भिंतीवर खडूनं एक रेघ ओढली,
दहा लाखांची, बोटभर लांब.

माझी संख्या मात्र चलनावर राहिली.
हजाराच्या आत मूळ संख्या एकशे अडुसष्ट,
एकेक आणून तिच्या दारात उभी केली.
त्यापुढं जायची गरज नव्हती,
हजार गुणिले हजार झाले की मीटरच उलटतो.
बाराव्या रात्री शेवटची, नऊशे सत्त्याण्णव.
एक हजार तीन वेळा घेतली तर
आठच कमी पडतात.
आठच.
इतक्या जवळ येऊनही कुणाची झाली नाही ती.

एवढे टॉवेल असते तर
डझनांच्या गठ्ठ्यांत शेवटचा अकराचा निघता.
सारख्या ओळींत मांडताच आले नसते,
एकच ओळ, अशोक चौकातून निघून
दिल्ली ओलांडून गेलेली,
आणि कुठंही दुमडायची सोय नाही.

त्या सहा खणांत मावणारी शेवटची मूळ संख्या होती ती.
तिच्यानंतरची शोधायला मला बी.एस्सी. लागलं:
दहा लाख तीन.
म्हणजे त्या पहाटे मीटरवर ००००३ च्या आधी
आणखी एक शून्य,
आणि मामा तुटलेला धागा जोडत
तेलुगूत पुन्हा पहिल्यापासून,
ओकटी, रेंडू, मूडू.