खजिनदाराची वही

मार्चअखेर. शिल्लक जुळत नाही.
अकरा रुपये कमी.
धुलाईघरामागची परिचारिका संघटनेची ही खोली, दहा बाय आठ,
पंखा फिरतो, वारा मात्र पलीकडच्या भांडाराला.
टाऊन हॉलच्या झाडांतून वटवाघळं उठायला लागली
म्हणजे सात वाजले असणार.
एकतीसला मी निवृत्त, वही अर्पणाकडे जायची आहे.
पुन्हा पहिल्या पानापासून बेरीज धरते.

झेरॉक्स, चौदा पानं, अठ्ठावीस रुपये.
सुया टाकायच्या पांढऱ्या डब्यांसाठीची ती पत्रं.
आठव्याला उत्तर आलं, मागणी विचाराधीन आहे.
नववं एस्तर समुद्रे स्वतः घेऊन गेली,
सोबत सलाईनची कापलेली बाटली, वापरलेल्या सुयांनी भरलेली,
साहेबांच्या फायलींशेजारी अलगद ठेवली.
"बघा साहेब, आम्ही ह्यात टाकतोय."
परत येऊन कोपरापर्यंत हात धुतले तिनं,
आणि तेव्हा कुठं ते थरथरले.
डबे आले पुढच्या महिन्यात.

रिक्षा, स्टँड ते दवाखाना, साठ रुपये.
पावती नाही. डबे यायच्या आधीची रात्र, साडेअकरा.
अर्पणा बागणे पन्हाळ्याकडच्या आरोग्य केंद्रातून
शेवटच्या एसटीनं आली होती, अंगठा मुठीत दाबून.
सुई सकाळी टोचली. दिवसभर बोलली नाही.
अकरा महिन्यांची ऑर्डर; बोलणारीची पुढे वाढत नाही.
मी घड्याळ बघितलं. बहात्तरांतले चौदा तास गेले होते.
पहिली गोळी तिनं माझ्यासमोर गिळली.

आमच्या घटनेत कंत्राटी बाईला सभासदत्व नव्हतं.
त्या रात्री नव्हतं. पुढच्या सभेत झालं,
हात दोनदा मोजावे लागले,
कारण काहीजणींनी दोन्ही वर केले होते.
अठ्ठावीस दिवस रात्री नऊला
कुणी ना कुणी तिला फोन करायचं,
"घेतलीस न्हवं?"
त्याचा खर्च वहीत नाही.

वैरण, चार पेंढ्या.
इथं लेखापरीक्षकाची लाल खूण:
नर्सेसच्या संघटनेला वैरण कशाला?
कसं सांगू. पंचगंगा गावात शिरलेली,
शाळेच्या फळ्यावर, सातच्या पाढ्याखाली,
आम्ही लिहिलेलं, पाणी उकळून प्या,
आणि उकळायला कोरडं लाकूड नाही कुठं.
कंबरभर पाण्यातून आलेली माणसं, पायांना चिरा,
तापाआधी गोळी पोटात जायला हवी.
रांगेत सगळ्यात पुढं हौसाक्का, दातखीळ बसल्यासारखी:
"आधी माझ्या म्हशीला घाला काय तरी,
मग मी खातो गोळी."
तिच्यामागं अख्खी गल्ली. ती खाईल तर ते खाणार.
रुक्साना मुजावर गेली, तासाभरानं उगवली,
डोक्यावर चार पेंढ्या, साडीला गुडघ्यापर्यंत चिखल,
कुणाच्या माळ्यावरून आणल्या ते आजही सांगत नाही.
म्हशीनं तोंड घातलं. म्हातारीनं हात पसरला.

लाल खुणेसमोर मी दोन शब्द लिहिलेत:
सार्वजनिक आरोग्य.

अकरा रुपये तरी सापडत नाहीत.
पर्स उघडते. दहाची नोट, एक नाणं,
त्यात काय एवढं, जुळलं की सही.
अर्पणा दारात केव्हाची उभी, ड्युटीवरून थेट.
"नको बाई. कमी आहेत तर कमीच लिहा. मी शोधतो."
स्टूल ओढते, ओळीवर अंगठा ठेवते, तोच अंगठा,
आणि पहिल्या पानापासून
ओठांतल्या ओठांत मोजायला लागते.

कपाटाची किल्ली अर्ध्यावर अडते,
दार जरा उचलून धरावं लागतं,
हे तिला सांगायचं राहिलंय.