एकशे चार टक्के

जिल्ह्यातून फोन आला तेव्हा मी तरीत होते,
मांडीवर निळा डबा,
डब्यात बर्फाच्या चार लाद्या
आणि मधोमध गोवर-रुबेलाच्या तीन कुप्या.
नाना जुवाटकर वल्हं ओढता ओढता म्हणाला,
"बाय, मासळेक बरफ गावना नाय,
नि तुज्या औषदाक मात्र रोज थंडगार."

फोनवर साहेब विचारत होते, एकशे चार कसे?
शंभराच्या वर टक्के जात नाहीत सिस्टर,
दूध आहे का उतू जायला?

मी म्हटलं, दुसऱ्या डोसचं उद्दिष्ट बावन्न, मुलं चोपन्न.
बावन्न कुठून आले मला ठाऊक नाही,
कुणीतरी पंख्याखाली बसून
लोकसंख्येला जन्मदराने गुणलं असेल.
त्या बावन्नात आमच्या वरच्या वाडीची आठ अशी आहेत
जी दिव्याला नाहीतर नालासोपाऱ्याला टोचून घेतात
आणि इथे येतात गणपतीपुरती.
आणि चोपन्नात
बागेतली आहेत साहेब,
चिरेखाणीवरची आहेत.

बागेतली म्हणजे?

म्हणजे हापूसच्या कलमांखाली
प्लास्टिकच्या खोपटात राहतात ती.
बिनिशा बुढा, दीड वर्षाची.
तिची आई दिवसभर पत्र्याचा डबा बडवून वानर हाकलते,
ही पाठीवर बांधलेली, त्या आवाजातच झोपते.
खाणीवरचा परसप्पा,
पायापासून पापण्यांपर्यंत लाल.
आणि बेबी ऑफ यल्लव्वा,
जिचं नाव कधीच ठेवून झालंय, लक्ष्मी,
पण कार्डावर अजून ती बेबी ऑफच आहे.

साहेब वाईट माणूस नाही.
त्यांच्याही वर कुणीतरी आहे
ज्याच्या पडद्यावर आमचं गाव लाल चौकोनात लुकलुकतं.
म्हणाले, अठ्ठ्याण्णव बरं दिसतं.
शंभरावर संशय येतो, नव्वदच्या खाली चौकशी.
तीन कमी करा.

तर पलीकडे लागली. नानाने डबा उतरवून दिला.

महिनाअखेरीला तन्वीर सोलकरने आकडा बदलला,
मी त्याच्या शेजारीच उभी होते.
चोपन्नाचे एक्कावन्न व्हायला
चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.
पण कुप्यांचा हिशेब अडला.
चौदा फोडल्या, पाच-पाचच्या, म्हणजे सत्तर डोस.
दिलेले एक्कावन्न. मग उरलेले?
तन्वीरने माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीबाहेर, सुरूच्या झाडांकडे.
"वाया"च्या रकान्यात सोळा होते,
तिथे एकोणीस झाले.

खाली सही माझीच आहे, निळ्या शाईत, पूर्ण नावाची.
शेऱ्याच्या रकान्यात काही लिहावं असं वाटलं होतं.
तो रकाना बोटाच्या पेराएवढा असतो.

पुढल्या महिन्यात अभिनंदनाचं पत्र आलं,
फ्रिजवर, तापमानाच्या तक्त्याच्या शेजारी लावलंय.
सकाळी चार अंश, संध्याकाळी पाच.
तेवढं मात्र कुणी बदलायला सांगितलेलं नाही.

आज बुधवार. बागेत शेवटची काढणी चाललीय,
पेंढ्याचा आणि चिकाचा वास.
वाया गेलेला एक डोस
आंब्याच्या पेटीला धरून उभा होता,
मला पाहिलं, ओळखलं, आणि भोकाड पसरलं.
आई हसली. म्हणाली, परवा गाडी आहे,
आधी बस, मग दोन रात्री रेल्वे, मग सीमेवरून चालत.
तिकडे कार्ड मागतात ताई,
शिक्का मारून दे, नाहीतर पुन्हा टोचतील.

दप्तरातून स्टँपपॅड काढलं.
खाऱ्या हवेने ते सुकलं होतं, त्यावर थोडं पाणी शिंपडलं.
कार्ड पेटीच्या झाकणावर ठेवलं.
पहिला ठसा पुसट आला
म्हणून अंगठ्याने दाबून
त्याच जागी आणखी एकदा मारला.