काळी फांदी

माझा बाप, ऑर्मन रँकिन, चाळीस फुटांवर
प्रवाळाच्या काळ्या फांद्या छाटायचा.
बुंधा कातळावर तसाच ठेवायचा, वीतभर,
पुन्हा फुटेल म्हणून.

त्या सालांत ग्रँड केमनची कासवं संपत आली होती.
गावातले पुरुष परक्यांच्या जहाजांवर
इंजिनांना तेल घालत फिरत होते.
बाप तेवढा घरी, कारण फांदीला पैसे मिळायचे:
गोणी बर्फात, बर्फ विमानात,
विमान उत्तरेकडे.
कशाला नेतात, हे कुणी सांगितलं नाही.
औषध, एवढंच.

एकदा त्याच्यासमोर एका माशानं
फांदीचा शेंडा तोडला, गिळला,
थबकला,
आणि भडभडून ओकला.
"त्यात काहीतरी आहे," तो घरी येऊन म्हणाला,
"आत गेलेल्याला बाहेर काढणारं."

आई ताडाच्या पातीचा दोर वळत होती.
दिवस उलटून पंधरवडा झालेला,
आणि मी आत. यायचं नाव नाही.
"मग मला आण की थोडं," ती म्हणाली.
दोघं हसले.
मिस अल्डीन, सुईण, ती नाही हसली.

शेवटी मी आपली आपण आले,
डासांच्या रात्री, धुराच्या मडक्याशेजारी.

आता एकतीस वर्षं मी प्रसूतीच्या वॉर्डात आहे.
दिवस उलटलेल्या बाईसाठी फ्रिजमधून जेल काढते.
नर्सिंगला असताना नाव पाठ केलं होतं: प्रोस्टाग्लँडिन.
चरबीचा रेणू, वीस कर्बांचा,
केसातल्या आकड्यासारखा दुमडलेला.
तापात तोच, पाळीच्या दुखण्यात तोच.
कळ फिरवतो, मग कळ येते.
फळ्यावर मास्तरांनी प्रवाळ काढलं तेव्हा
मी वहीत मान घातली.
ती फांदी मी ओळखत होते,
आमच्या न्हाणीच्या भिंतीला टेकवून वाळत ठेवलेली.

हल्ली ते कारखान्यात करतात. पाण्यात कुणी उतरत नाही.

बापाचे दोन्ही कान पाण्यानं नेलेत.
संध्याकाळी ओसरीवर बसून तो बोटांनी विचारतो, किती?
मी तीन बोटं दाखवते, कधी पाच,
एकदा जुळी होती तेव्हा मलाच मोजता येईना.

परवा मात्र त्यानं वेगळंच विचारलं,
मोठ्यानं, बहिऱ्याच्या आवाजात:
त्या बुंध्यांना फूट आली का गं?

मला पोहताही धड येत नाही.
"आली," मी म्हणाले,
आणि त्याला ओठ दिसावेत म्हणून
दिव्याकडे तोंड केलं.