वर्ग दोन : पाणी

यंत्र म्हणालं, पाणी.
पर्वतीच्या पायथ्याशी, वस्तीच्या ऐन मधोमध,
जिथे ना तळं ना हौद,
तिथे अठ्ठेचाळीस निळे चौकोन,
अर्ध्या मीटरचा एकेक.

देवस्थळी सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"जाऊन बघून या. आणि रिसीव्हर परत आणा,
मागच्या वेळी इम्तियाज रिक्षात विसरला होता."
आमच्यात याला म्हणतात ग्राउंड ट्रुथ.
जमिनीवरचं सत्य.
म्हणजे बाकीचं सगळं कुठलं, हे
प्रबंधाच्या कुठल्याच प्रकरणात लिहीत नाहीत.

मी गेले. गल्ली एवढी अरुंद की आकाश
दोन पत्र्यांमधून वीतभर.
उपग्रह सापडत होते चार, मधूनच तीन.
"अचूकता कमी," टॅब म्हणत राहिला,
आणि एक पोरगा म्हणाला, कोणाकडं जायचंय?
मी त्याला अक्षांश सांगू शकले असते,
सेकंदाच्या तिसऱ्या दशांशापर्यंत.
म्हणाले, निळी ताडपत्री असलेलं घर.
"यल्लूबाईचं? बंद गिरणीच्या बोळात.
पण ताडपत्री कुठाय आता."

यल्लूबाई धोत्रे पाट्याला टाकी लावत होत्या.
घावाशेजारी घाव, न मोजता सारख्या अंतरावर.
वरून बघायची सवय नसलेल्या माणसाला
छप्पर ओळखायला वेळ लागतो.
त्यांना नाही लागला.
"हे माझं. हे भारतीचं. हितं बसाप्पाच्या शेळ्या व्हत्या.
आन् हे निळं?"
तुमची ताडपत्री. यंत्राला पाणी वाटलं.
टाकी थांबली.
"बरोबरच वाटलं की."

मग बसल्या जागेवरून, टाकीच्या टोकानं,
त्यांनी ओढा दाखवला :
गिरणीच्या जोत्याखालून, भारतीच्या मोरीखालून,
इथून, चुलीपासून हातभर,
पुढे स्लॅब टाकलाय त्याच्या पोटातून.
"एकदा रात्री आल्ता. भांडी घिऊन गेला.
पाटा तेवढा ऱ्हायला, जड म्हणून."
भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर एक मातकट रेघ.
तिच्यावरच खुंटी ठोकलेली, खुंटीला शाळेचा गणवेश.
ताडपत्री त्या रात्रीनंतरची, कुणीतरी वाटलेली.
पत्रा गेल्या दिवाळीचा.

लॅबमध्ये येऊन जुनी सर्व्हे शीट उघडली,
कापडावर चिकटवलेली, हातानं रंगवलेली.
तीन देवळं आणि एका पुलाला टाचून
आजच्या शहरावर पसरली.
असं करताना कागद ताणला जातो,
कुठेतरी सुरकुती राहतेच, बावीस मीटरची.
एक बारीक निळी रेघ, कुणा कारकुनाच्या कुंचल्याची,
टेकडीवरून वाकत आली,
गिरणीखालून गेली,
आणि त्या अठ्ठेचाळीस चौकोनांना चाटून पुढे.
बावीस मीटर इकडे किंवा तिकडे.

सरांनी सांगितलं तसा वर्ग बदलला.
दोनचा पाच. पाणी नव्हे, बांधकाम.
अचूकता सत्त्याऐंशी पूर्णांक एकवरून
सत्त्याऐंशी पूर्णांक तीन.
इम्तियाजने चहा सांगितला.

एक सांगायचं राहिलं.
निघताना त्यांनी विचारलं होतं,
"ओढा कागदावर आला म्हंजी घरं काढत्याल का?"
मी म्हणाले, मी विद्यार्थी आहे, मावशी.
चौतिसाव्या वर्षी. प्रोजेक्टवर. मार्चपर्यंत.
त्यांनी मान हलवली आणि पाटा फिरवून घेतला.

रेघ मी वेगळ्या लेयरवर ठेवली आहे.
लेयरला नाव दिलेलं नाही.
शेजारी एक डोळा असतो छोटासा,
दाबला की ओढा दिसतो,
दाबला की घरं.
सकाळपासून दाबते आहे.